उलट्या बाजूची खोली

१

पडद्यावर खोली आली आणि टाळ्यांसाठी उचललेले हात अर्ध्यावरच थांबले.

खोली होती, पण उलटी. कापड उलटं करून घातल्यावर जशी आतली शिवण बाहेर येते, तसं झालं होतं. टेबलाचा वरचा फळा गायब आणि खालच्या पट्ट्या तेवढ्या दिसत होत्या. दिव्याच्या टोपीचं आतलं अस्तर आमच्याकडे बघत होतं. खुर्चीच्या पाठीची पुढची बाजू नाहीशी होऊन तिथून मागची दिसत होती. भिंतीवरचं गोल घड्याळ तेवढं शहाण्यासारखं सरळ होतं, काटे, आकडे सगळं जिथल्या तिथे.

मास्तरांनी कीबोर्डवर पुन्हा हुकूम दिला. पुन्हा तेच आलं. पैसे देणाऱ्या ट्रस्टच्या विश्वस्तांपैकी कोणीतरी घसा खाकरल्यासारखं करून हसलं आणि मागच्या रांगेत खुर्च्या सरकल्या.

मोठ्या कंपन्यांच्या चित्र काढणाऱ्या चिप्स म्हणजे कुलूप लावलेले डबे असतात, आत काय आहे ते कोणाला कळत नाही. बॅटऱ्यांच्या दुकानावरच्या मजल्यावर एक लांब टेबल टाकून मास्तरांसह ही चार माणसं अशी चिप आखत होती, जिचा सगळा आराखडा जगापुढे उघडा असेल. कोणीही न्यावा, बदलावा, त्याची चिप बनवावी, विकावी. अट एकच होती, करणाऱ्याचं नाव पुसायचं नाही. आराखडा तयार होता आणि तो एका कामचलाऊ बोर्डावर चढवून चालवताही येत होता. कारखान्यातून खरी चिप बनवून घेण्याचा खर्च मात्र त्यांच्या आवाक्याबाहेरचा होता. तो द्यायचा की नाही, हे विश्वस्त त्या सकाळी ठरवणार होते.

मास्तरांनी कपाळ पुसलं. ते पूर्वी कॉलेजात शिकवायचे आणि आवाज अजून वर्गातलाच होता. ते म्हणाले, "हा भाग जुना आहे. आमच्या एक सहकारी होत्या, आता नाहीत. त्यांचं काम आहे ते. दोष तिथे असणार."

अध्यक्षांनी पेन टोपणात घातलं. चिपच सदोष असेल तर पैसे मिळणार नाहीत, आणि कोणी मुद्दाम केलं असेल तर त्या माणसाला घालवा, मग बोलू, असं सांगून त्यांनी परवाची बैठक लावली आणि माझ्याकडे बोट केलं.

विश्वस्तांसाठी खरंखोटं बघायचं काम माझं. त्याआधी बरीच वर्षं मी विम्याचे दावे तपासले. आग लागलेल्या घरात मी काय जळलं ते नंतर बघत असे, काय वाचलं ते आधी. माझा एक नेमही आहे. कोणाबद्दल जे बोलायचं ते त्याच्या तोंडावर, पाठीमागे एक अक्षर नाही. रोज सकाळी प्रार्थनेनंतर तो मी नव्याने घेते, कारण संध्याकाळपर्यंत तो मोडायची पाळी रोज येते.

उठताना मी एकदा सगळ्यांवर नजर फिरवली. सगळे त्या फाटक्या चित्राकडे बघत होते. चौघांतली सर्वांत लहान, जिला सगळे धाकटी म्हणत, ती पडद्याकडे बघतच नव्हती. ती मास्तरांकडे बघत होती. आणि तिला आश्चर्य वाटलेलं नव्हतं.

२

बोर्ड जोडणाऱ्या माणसाला सगळे तारवाला म्हणायचे. त्याच्या खिशात कायम पकड असायची. मी समोर बसताच त्याने दोन्ही हात पुढे केले, बेड्या घाला म्हणून.

"ताई, आधीच सांगतो. मी परवा जिन्याखाली लपून फोन करत होतो तो एका मोठ्या कंपनीला. नोकरीसाठी. या खुर्च्यांनी माझी पाठ गेलीय."

मिळाली का, असं मी विचारलं. कंपनीवाल्यांनी त्याला पहिला प्रश्न केला की तुम्ही केलेलं काम आम्ही कुठे बघू शकतो. हा म्हणाला, जगात कुठेही. त्यावर ते म्हणाले, मग तुम्ही आमच्या कामाचे नाहीत. हे सांगताना तो पोटभर हसला. मग हसू आवरून म्हणाला की चित्र बिघडवून त्याला काय मिळणार होतं, बोर्ड त्याने हाताने जोडलाय आणि उद्या तो बंद पडला तर पहिली शिवी त्यालाच बसते.

मी त्याला घड्याळाबद्दल विचारलं. सगळी खोली उलटली, मग घड्याळ का नाही?

"घड्याळ माझं आहे. मागाहून बसवलं. भिंत फार ओकीबोकी दिसायची."

आणि बाकीची खोली? तो क्षणभर पकडीशी चाळा करत राहिला. मग म्हणाला, तुमच्याकडच्या अर्जात लिहिलंय ना, सगळं सरांचं. आणि उठून गेला.

खजिनदारबाई पैसे जमवायचं बघायच्या. त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती, धार मात्र होती. मास्तरांशी त्यांचं भांडण झालेलं सगळ्या जिन्याने ऐकलं होतं आणि ते त्यांनी लपवलं नाही. बाईंचं म्हणणं असं की चिपचा अर्धा भाग बंद ठेवून एखाद्या कंपनीला विकावा आणि त्या पैशातून उरलेला अर्धा उघडा करावा. मास्तरांना ते पाप वाटे.

"पण मी पैशासाठी भांडते हो," त्या म्हणाल्या, "पैसे घालवण्यासाठी कोण भांडेल? आज ते चित्र उलटलं तेव्हा माझं वर्षभराचं हातापाया पडणं उलटलं."

अर्जात मुख्य रचनाकार म्हणून एकट्या मास्तरांचं नाव कसं, हेही मी विचारलं. त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. विश्वस्तांना जबाबदार असा एक जिवंत माणूस हवा होता, त्या म्हणाल्या. मेलेल्या माणसाच्या भरवशावर पैसे कोण देणार? एक नाव असलं की सोपं पडतं, असं सर म्हणाले आणि बाईंनी मान हलवली. आता ती का हलवली असं वाटतं.

शेवटी धाकटी आली. दुसऱ्यांनी केलेलं काम तपासणं, त्यातल्या चुका शोधणं, हे तिचं काम. ती विचारलं तेवढंच बोलायची.

काल संध्याकाळी रंगीत तालीम झाली तेव्हा खोली सरळ आली होती का? आली होती. तालीम कोणी चालवली? तिने. आणि त्याआधीच्या सगळ्या? त्याही तिनेच.

"मग आज सरांनी का चालवली?"

"मी त्यांना म्हटलं, सर, चित्र तुमचंच आहे, तुम्हीच लावा."

हे ती इतक्या हळू म्हणाली की मला पुढे वाकावं लागलं.

सगळ्यांच्या देखत मी तारवाल्याकडून तो बोर्ड आणि संगणक तपासून घेतला. यंत्र प्रत्येक बदलाची नोंद आपोआप ठेवतं. आदल्या संध्याकाळनंतर कोणी एका अक्षराला हात लावलेला नव्हता. बोर्ड तोच, फाईली त्याच, आराखडा तोच.

म्हणजे कोणी काहीच केलं नव्हतं. आणि काल सरळ असलेली खोली आज उलटी होती.

३

चित्र उलटतं कसं, ते तारवाल्याने मला एका कागदावर काढून दाखवलं. पडद्यावरची प्रत्येक वस्तू त्रिकोण जोडून केलेली असते. चिपला त्रिकोणाचे तीन कोपरे एकापाठोपाठ एक सांगायचे. घड्याळाच्या उलट दिशेने सांगितले तर चिप समजते, याचं तोंड आपल्याकडे आहे, काढा. घड्याळाच्या दिशेने सांगितले तर समजते, ही पाठ आहे, सोडून द्या. न दिसणारी बाजू काढायची मेहनत त्यामुळे वाचते.

"मग खोलीचे सगळे त्रिकोण उलट दिशेने सांगितलेले आहेत?"

"आहेत," तो म्हणाला. "ती नेहमी तसंच सांगायची. म्हणून आम्ही तिला उलटी म्हणायचो. चिडायची नाही. म्हणायची, तुम्ही सगळे उलटे, मी एकटी सुलटी."

ती म्हणजे कोण, हे आता त्याला टाळता येईना. धाकटीची थोरली बहीण. चिपचा त्रिकोण भरणारा भाग, म्हणजे अख्ख्या चिपचं काळीज, तिने रचलेलं. दोन वर्षांपूर्वी आजारात गेली. हॉस्पिटलमध्येही मांडीवर लॅपटॉप असायचा.

मग तिची चित्रं एरवी सरळ कशी यायची? तिने स्वतःच काहीतरी सोय करून ठेवली होती म्हणे. काय सोय, ते त्याला ठाऊक नव्हतं. सरांना असेल, तो म्हणाला, आणि पुन्हा पकडीकडे बघायला लागला.

दुसऱ्या दिवशी मी बहिणींच्या घरी गेले. धाकटी कामावर गेली होती. आईने दार उघडलं. त्यांच्या गळ्यात मोजायची टेप होती आणि ओठात टाचणी. त्यांनी मानेनेच आत बोलावलं. त्या शिंपीकाम करतात. मधल्या खोलीत लांब टेबलावर गडद निळं कापड पसरलेलं होतं आणि त्यावर त्या खडूने गळ्याचा गोल आखत होत्या.

कापड उलट्या बाजूने वर होतं. मलाही थोडं शिवता येतं, तरी मी विचारलं. टाचणी काढून त्या म्हणाल्या, "खूण नेहमी उलटीकडूनच करायची बाई. सुलटी बाजू गिऱ्हाइकाची. तिच्यावर खडू लागता कामा नये."

थोरली याच टेबलाखाली वाढली, असं त्या सांगत होत्या. तिला पाटीवर घर काढ म्हटलं तरी आधी आतून काढायची. त्या बोलत होत्या आणि मी मात्र ऐकायची थांबले होते.

टेबलाच्या डोक्यावर टोपीचा दिवा होता. पाठीची एक पट्टी नसलेली खुर्ची होती. भिंत ओकीबोकी होती.

या खोलीत मी आधी येऊन गेले होते. पडद्यावर.

४

आता एकच अडचण उरली होती. पडद्यावरची खोली थोरलीची, हे मला कळलं होतं, पण अर्जासोबत आलेल्या प्रत्येक फाईलच्या माथ्यावर करणाऱ्याचं नाव म्हणून मास्तरांचं नाव होतं. जुन्या बदलांचा इतिहासही नव्हता. अर्जासाठी त्यांनी सगळा साठा नव्याने, कोरा करून मांडला होता.

पण एकदा उघड्यावर ठेवलेलं काम परत कोंडता येत नाही. कुठल्याशा परक्या शहरातल्या एका शिक्षकाने विद्यार्थ्यांना दाखवायला म्हणून जुनी प्रत उतरवून घेतली होती. मी विचारताच त्यांनी ती पाठवली. सोबत दोन ओळी लिहिल्या होत्या की हे काम करणाऱ्या बाईंना आमचा नमस्कार सांगा.

तारवाल्याच्या घरच्या बोर्डावर आम्ही दोन्ही प्रती चालवून बघितल्या. जुनी सरळ आली. नवी उलटी. दोन्हींतला फरक शोधला तर एकच निघाला. तारवाल्याने कपाळाला हात लावला.

परवाच्या बैठकीत मी विश्वस्तांना म्हटलं, मला जे सांगायचं ते या चौघांच्या समोरच सांगेन. मास्तरांना विनंती केली की चित्र पुन्हा लावा. त्यांनी लावलं. खोली तशीच, शिवण बाहेर.

"सर, ही उलटी का दिसते?"

त्यांनी ऐटीत सुरुवात केली. बोर्ड गरम होत असेल. मेमरीचा वेग कमी पडत असेल. मग पुन्हा त्या जुन्या भागावर आले.

"त्यांच्या भागात दोष आहे, असं तुम्ही त्या दिवशी म्हणालात."

"हो."

"त्रिकोण भरणारा भाग?"

"हो, तोच."

"तो त्यांनी केलाय?"

"तेच तर सांगतोय. संपूर्ण तो भाग तिने केलाय, मी त्यात..."

अध्यक्षांनी अर्जाची प्रत उघडली, मुख्य रचनाकाराच्या नावाच्या ओळीवर बोट ठेवलं आणि चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं.

मी म्हटलं, "भागात दोष नाही. ज्याने हा भाग केलाय, त्याला हे चित्र बघताक्षणी कारण कळलं असतं. सर, आता नेहमीचाच हुकूम द्या. फक्त शेवटी करणाऱ्याचं नाव म्हणून त्यांचं नाव लिहा."

धाकटी पडद्याकडे नाही, त्यांच्या बोटांकडे बघत होती.

मास्तरांनी एकेक अक्षर शोधत नाव लिहिलं. शेवटची कळ दाबली.

टेबलाला फळा आला. दिव्याची टोपी बाहेरून दिसायला लागली. खुर्चीला पाठ आली, एक पट्टी नसलेली.

५

मग मी सगळं सांगितलं. थोरली कोपरे उलटीकडून सांगायची आणि तिची ती सवय सुटणारी नव्हती. म्हणून तिने चित्र उचलणाऱ्या भागाला शिकवून ठेवलं होतं, फाईलच्या माथ्यावर माझं नाव दिसलं की दिशा फिरव. दुसऱ्या कोणाचं दिसलं की नेहमीसारखं. ते घड्याळ तारवाल्याने नेहमीच्या दिशेने केलेलं होतं, म्हणून वाचलं. मास्तरांनी माथ्यावरची नावं पुसून आपली घातली, त्या दिवसापासून खोली उलटलेली होती. त्यांनी तो भाग आपला म्हणून सांगितला, पण कधी उघडून वाचला नव्हता.

"मग तालमीत ती सरळ कशी यायची?" खजिनदारबाईंनी विचारलं.

याचं उत्तर द्यायचं ते मी धाकटीकडे बघून दिलं. हुकमाच्या शेवटी नाव लिहिलं तर यंत्र खोलीच्या फाईलवरच्या नावाऐवजी ते नाव धरतं; घड्याळाची फाईल वेगळी, तिला ते लागू होत नाही. प्रत्येक तालमीला धाकटी तिथे बहिणीचं नाव लिहायची. त्या सकाळी तिने काहीच केलं नाही. जे रोज करायची, ते करायचं फक्त थांबवलं.

"खरंय," ती म्हणाली.

अध्यक्षांनी विचारलं की नाव पुसलं गेलं हे कळताच तिने आमच्याकडे तक्रार का केली नाही.

ती उभी राहिली. आवाज तसाच हळू होता, पण आता वाकावं लागलं नाही.

"सरांना दोनदा विचारलं. म्हणाले, पैसे येऊ देत, मग घालू. तक्रार केली असती तर तुम्ही नावं परत घालायला लावली असती आणि सर म्हणाले असते, नजरचूक झाली. मला दुरुस्ती नको होती." ती मास्तरांकडे वळली. "काम चालेल तोवर ते तुमचं आणि पडलं की तिचं, हे मला माहीत होतं, सर. म्हणून पडू दिलं. तिचं नाव मला तुमच्या तोंडून हवं होतं. सगळ्यांच्या समोर."

मास्तर काहीतरी पुटपुटले. काम तर जगासाठीच केलं, नावात काय ठेवलंय, असं काहीसं.

"मग तुमचं का ठेवलंत?" तारवाला म्हणाला.

आराखड्याबरोबरच्या त्यांच्या स्वतःच्याच परवान्यात, म्हणजे वापरायच्या अटींत, लिहिलेलं होतं की जो नाव पुसेल त्याचा आराखड्यावरचा हक्क संपला. अट मास्तरांनीच घातली होती, पुष्कळ वर्षांपूर्वी, मोठ्या कंपन्यांना धाक बसावा म्हणून. अध्यक्षांनी ती मोठ्याने वाचली. चिपमध्ये दोष नाही हे सिद्ध झालं होतं, तेव्हा पैसे मिळणार होते. मुख्य रचनाकार म्हणून थोरलीचं नाव लागणार होतं आणि जबाबदारी खजिनदारबाई आणि तारवाला मिळून घेणार होते. त्यात मास्तरांना जागा नव्हती.

माझ्या नेमाप्रमाणे एक गोष्ट मला धाकटीलाही तोंडावर सांगायची होती. दोष दिसत असताना गप्प बसणारी माणसं तपासणीच्या कामाला चालत नाहीत, मी म्हटलं, कारण काहीही असो. तिने मान हलवली. ते तिने आधीच ठरवलं होतं. राजीनामा देणार होती, फक्त एक मागणं होतं.

"नावं सरांनी परत घालायची. स्वतःच्या हाताने. यंत्राकडून एका झटक्यात नाही, एकेक फाईल उघडून. ते होईपर्यंत मी इथे बसते. मग जाते."

फाईली शेकड्यांनी होत्या. खजिनदारबाई म्हणाल्या, अगं, जाऊ दे आता, वयाने मोठे आहेत. अध्यक्ष माझ्याकडे बघायला लागले. क्षमेबद्दल बोलायची सवय मला आहे, त्यांना ते ठाऊक होतं. शब्द माझ्या ओठांपर्यंत आलेही होते. पण क्षमा तिच्याकडे कोणी मागितलेलीच नव्हती. ती मी माझ्या पदरची कशी वाटणार?

मी म्हटलं, मागणं रास्त आहे.

विश्वस्त गेले. तारवाल्याने मास्तरांसाठी टेबलाच्या टोकाला खुर्ची लावली, पाठ दुखवणारी, आणि धाकटीसाठी त्या खुर्चीशेजारी दुसरी. मास्तरांनी पहिली फाईल उघडली. आपलं नाव शेवटाकडून एकेक अक्षर पुसलं. तिचं लिहिलं. फाईल बंद केली आणि हात मांडीवर घेतले, जणू काम झालं.

खालच्या दुकानात कोणीतरी शटर वर केलं, त्याचा घडघडाट जिन्यातून आला. धाकटीने खुर्ची थोडी पुढे ओढली.

"पुढची," ती म्हणाली.